गुलाबातलं भोक

"रक्त! रक्त!" ऱ्हाइन नदीकाठच्या कलोन शहराच्या बाजारचौकाने एकदम गुडघे टेकले. फिरता साधू ऑसविन हात बांधलेल्या दासी स्टिनाच्या डोक्यावर कट्यार उलटी धरून उभा होता. पात्यावरून लाल थेंब तिच्या कपाळावर ठिबकत होते.

"मुठीवर बघा, लेकरांनो! गुलाबाच्या पाच पाकळ्या म्हणजे प्रभूच्या पाच जखमा! बॉन गावात हिनेच दोन पापी पकडून बुडवले! इथे सात संशयितांच्या डोक्यांवर कट्यार कोरडी राहिली. पापीण सापडली आणि जखमा उघडल्या!"

कापडवाल्या गोडर्टचं तान्हं पोर तीन दिवसांपूर्वी गेलं होतं. स्टिना त्याला पाजणारी दाई. दुधातून विष दिलं म्हणे. तिला पोत्यात घालून ऱ्हाइनमध्ये बुडवा, अशी ओरड सुरू झाली.

गर्दीतल्या बेलाच्या अंगाची लाही झाली. बावीस वर्षं ती कट्यारींच्या मुठी घडवत होती. गिऱ्हाइकाला प्रभूच्या जखमा हव्यात की प्रियेची आठवण, ती गुलाब तोच कोरायची. पात्याचा दांडा मुठीतून आरपार नेऊन वर ठोकायचा आणि त्या ठोकलेल्या टोकाचाच गुलाबाचा मध्य करायचा, नाहीतर पातं निखळतं. या गुलाबाच्या मधोमध टोक नव्हतं, भोक होतं. त्यावरचा साधूचा अंगठा नुकताच बाजूला सरकला होता.

गर्दी सारत ती पुढे गेली. "महाराज, जरा इकडे द्या ती."

"दूर हो, बाई! बाईचा हात लागला तर विटाळेल."

"आत्ताच बाईच्या डोक्यावर धरलीत की! तेव्हा नाही विटाळली?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. साधू चपापला, तेवढ्यात बेलाने कट्यार हिसकावली. भोकावर अंगठा दाबून ती स्टिनाच्या डोक्यावर धरली. एक थेंब पडला नाही. मग तिने ती साधूच्या टकलावर नेली आणि अंगठा उचलला.

टप. टप. टप.

"काय हो महाराज, तुम्ही कोणाचं पोर मारलंत?"

 बेलाने कमरेची सुरी खुपसून गुलाब उचकटला. आत पात्याच्या मुळाशी उघडणारी पोकळ पितळी नळी होती. तिच्यातून लाल पाणी ओघळलं, व्हिनेगरसारखं आंबूस वासाचं.

"पिंपातून चवीपुरती दारू काढता ना नळीने? वरचं भोक दाबलं की आत राहते, सोडलं की गळते. हा तुमचा चमत्कार! बॉनमध्ये या कट्यारीने दोघांना बुडवलं. त्यांना आता कोण परत आणणार?"

साधू पळू लागला. दोघांनी त्याची मान धरली. "टाका यालाच नदीत!"

"खबरदार!" बेला कडाडली. "मघाशी हिला टाकत होतात, आता याला! डोकं कधी चालवणार? न्यायाधीशाकडे न्या त्याला. बॉनचे साक्षीदार बोलवा."

गोडर्ट रडत म्हणाला, "मग माझ्या बाळाला कोणी मारलं?"

बेलाचा आवाज उतरला. "गोडर्टभाऊ, तापाने. तुमच्याच गल्लीत या महिन्यात आणखी तीन पोरं गेली, अशीच फणफणून. त्यांना काय स्टिना पाजत होती? दुःख झालं की माणूस शोधायचा नसतो, कारण शोधायचं असतं."

तिने स्टिनाच्या हातांची दोरी कापली आणि बाहीने तिचं कपाळ पुसलं. मग ती फुटकी मूठ चौकात सगळ्यांसमोर धरली.

"या, एकेकाने आत बघा. घरी नुसतं माझं ऐकून जाऊ नका."