गुलाबी झालेला पडदा

मिशिगनमधल्या आमच्या प्रयोगशाळेत सैन्यासाठी पाणी गाळणारे पडदे बनतात. निकामी झाले की ते चिरून बघायला माझ्याकडे येतात. आम्ही त्याला शवविच्छेदनच म्हणतो. तीस वर्षं हेच करतेय, पण तो पडदा वापरणारा माणूस समोर बसलाय, असं पहिल्यांदाच घडलं.

सार्जंट मेलेंडेझ. त्याच्या यंत्राचं पाणी पिऊन अकरा शिपाई आजारी पडले आणि कोडी नावाचा पोरगा गेला.

"मॅडम, चूक माझी का, तेवढं सांगा. कोडीच्या आईला तोंड दाखवायचंय."

मी पडद्याची गुंडाळी चिरली, पडदा पसरला, त्यावर लाल रंग ओतला आणि धुतला. धड पडद्यावर रंग टिकत नाही, क्लोरीनने खाल्लेला मात्र तो धरून ठेवतो. हा पार गुलाबी झाला. क्लोरीनलाही दाद न देणारा जंतू इथूनच गेला असणार.

"क्लोरीन गाळायच्या आधी घातलंस?"

"डबक्यात बकरी मरून पडली होती, पाणी घाण मारत होतं. आम्हाला शिकवतात, क्लोरीन शेवटी. पण तुमच्या नव्या पडद्याच्या कार्डावर लिहिलंय, आधी एक चमचा चालतो." त्याने चुरगळलेलं कार्ड काढलं. "चमचा जरा शिगोशीग भरला असेल माझ्याकडून."

कार्डाखाली तपासनीस म्हणून माझी सही होती. आम्ही चाचणी नळाच्या पाण्यावर घेतली होती. डबक्याच्या पाण्यात लोह असतं आणि त्याच्या जोडीने क्लोरीन पडदा झपाट्याने खातं, हे मला ठाऊक होतं. साहेबांना, विटमरना, बोललेही होते.

"लोहाचं पुढच्या वर्षी बघू, डार्लीन. सैन्य खोळंबलंय," ते म्हणाले, आणि मी मुकाट सही केली. नोकरी प्यारी, दुसरं काय!

तेवढ्यात विटमर दारातून डोकावले. "गुलाबी? झालं तर. वापरणाऱ्याची चूक, असं लिहून टाक." आणि गेलेही.

"वाटलंच होतं मला," मेलेंडेझ मान खाली घालून म्हणाला. मला माझीच किळस आली.

मी कार्डावरच्या सहीवर बोट ठेवलं. "ही डार्लीन मीच. चूक तुझी नाही, आमची. लोह असलेल्या पाण्यावर चाचणी न घेताच मी सही केली. अहवालातही तसंच लिहिणार आहे. कोडीच्या आईकडे मीही येते तुझ्याबरोबर."

त्याने सहीवरून नजर उचलली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

त्याने माझं पेन उचललं, कार्डामागे एक पत्ता लिहिला आणि ते माझ्याकडे सरकवलं.

"मग तुम्ही एकट्याच जा, मॅडम."