एका बाहीचा कोट

वसाहतीच्या सभागृहात उभं राहायलाही जागा उरली नव्हती. झाडून सगळे पडद्यावरच्या एका राखाडी डागाकडे डोळे लावून बसले होते. तो डाग म्हणजे एका पांढऱ्या व्हॅनचा ड्रायव्हर. आठवड्यापूर्वी संध्याकाळी त्या व्हॅनने शिवणवालीच्या मुलीला उडवलं आणि न थांबता निघून गेली. मुलगी अजून दवाखान्यात बेशुद्ध होती. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात काय ते एवढंच उमटलं होतं.

“चित्रात सत्य झोपलेलं असतं,” नेत्रगुरू म्हणाले. पांढरेशुभ्र कपडे, मधाळ आवाज, पुढ्यात लॅपटॉप. “मी त्याला फक्त हाक मारतो. धूसर चित्र रेखीव करणारी ही सातव्या पातळीची शार्पनिंग. सहावीपर्यंत यंत्र जातं, सातवीला साधना लागते.”

पडद्यावर निळी पट्टी सरकू लागली. नेत्रगुरू डोळे मिटून ओठ हलवत होते आणि डोळे मिटलेले असूनही नेमकं हवं ते बटण दाबत होते. डाग थरथरला. त्यातून कपाळ आलं, नाक आलं, जाड मिशा आल्या.

“अरे, हे तर आपले व्हॅनवाले काका,” कुणीतरी म्हणालं.

पहिल्या रांगेत शिवणवालीने पदर तोंडात कोंबला. मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या फोटोताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

फोटोताईचा स्टुडिओ बाजाराच्या तोंडाशी होता. ओळखपत्रांचे फोटो काढणं आणि लोकांच्या आजोबा-पणजोबांचे विटलेले फोटो दुरुस्त करणं, यात तिची वीस वर्षं गेली होती. कॅमेऱ्यातला तो फोटो आधी तिच्याकडेच आला होता. वसाहतीच्या समितीचे प्रमुख असलेले औषधवाले तो घेऊन आले होते. दिवसभर दुकान बंद ठेवून ती त्याच्याशी झटली. फोटो कशाने बिघडलाय ते आधी बघायचं, मग शार्पनिंगची पद्धत निवडायची, हा तिचा शिरस्ता. कॅमेरा हलला असेल तर एक पद्धत, भिंग धूसर असेल तर दुसरी, फोटो नुसताच मऊ आला असेल तर तिसरी. तिन्ही करून पाहिल्या. चेहऱ्याच्या जागी मूठभर चौकोन होते, ते चौकोनच राहिले. गाडीच्या वरच्या कडेला मात्र दोन आडव्या रेघा स्पष्ट झाल्या.

“चेहरा यात नाही,” तिने औषधवाल्यांना सांगितलं होतं. “पण या गाडीच्या टपावर सामान बांधायचा स्टँड आहे. गॅरेजवाल्यांकडे चौकशी करा, लवकर करा.”

“टप काय दाखवताय ताई, आम्हाला माणूस हवाय,” औषधवाले वैतागून म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी कुठूनसे नेत्रगुरूंना घेऊन आले.

काकांच्या व्हॅनच्या टपावर चिमणी बसायलाही दांडी नव्हती. वसाहतीतली निम्मी पोरं त्याच व्हॅनमधून शाळेत जायची, सगळ्यांनी तो टप रोज पाहिलेला. पण चेहरा बघितल्यावर टपाकडे कोण बघतो? त्याच रात्री व्हॅनची चारही चाकं फाडली गेली. काकांच्या खिडकीवर दगड आला. पोलिसांनी तो चेहरा पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला, तेव्हा समितीने ठरवलं की न्याय आपणच करायचा. रविवारी सभा घ्यायची आणि काकांना बायकोसकट वसाहतीबाहेर काढायचं.

“गुरूंना काकांचा फोटो कुणी दिला?” फोटोताईने औषधवाल्यांना दुकानात गाठून विचारलं.

“मीच दिला. ते म्हणाले, संशय कुणावर आहे त्याचा एक स्वच्छ फोटो द्या. साक्षीचं चित्र म्हणतात त्याला. चेहऱ्याला चेहऱ्याची ओढ लागते.”

“आणि संशय काकांवर का?”

“इथे पांढरी व्हॅन आणखी कुणाची आहे?”

फोटोताई वळून बाहेर पडली. आणखी थांबली असती तर काउंटरवरच्या बाटल्या फुटल्या असत्या. औषधं विकणारा माणूस, गोळीवरची तारीख तीनदा बघतो आणि इथे एकदाही डोकं चालवत नाही.

ती तडक शिवणवालीकडे गेली. “तुझा पुतळा एक दिवस नेऊ का गं?” शिवणवालीने कशाला म्हणूनही विचारलं नाही, दुकानाची किल्ली काढून दिली. अपघातापासून दुकान उघडलंच नव्हतं. आत कोट शिवायचा तो बिनमुंडक्याचा पुतळा अंगावर अर्धवट शिवलेला चौकड्याचा कोट घालून उभा होता.

रविवारी सभागृह पुन्हा तुडुंब भरलं. सभा सुरू व्हायच्या आत फोटोताई पुढे झाली.

“गुरुजी, माझ्या स्टुडिओची काच कुणीतरी फोडली. हा त्याचा फोटो, फार धूसर आलाय. आणि संशय आहे त्याचा हा स्वच्छ फोटो.”

नेत्रगुरूंचा चेहरा खुलला. “बघा मंडळी, शेवटी यंत्र साधनेच्या दारी आलं.”

पुन्हा निळी पट्टी, पुन्हा मिटलेले डोळे. डागातून टक्कल आलं, चष्मा आला, हनुवटीवरचा तीळ आला.

“हाच तो,” नेत्रगुरू म्हणाले. “माझी सातवी पातळी आजवर चुकलेली नाही.”

“हे माझे वडील,” फोटोताई म्हणाली. “वारले त्याला अकरा वर्षं झाली.”

पहिल्या रांगेतून शिवणवाली हळूहळू उठली आणि पडद्याजवळ गेली.

“हा कोट माझ्याकडचा आहे,” ती म्हणाली. “याला डावी बाही अजून लावायचीय. ताई, हा माझा पुतळा आहे. याला डोकंच नाही.”

“डोक्याच्या जागी मी पिठाचा डबा उपडा ठेवला होता. धूसर काचेतून फोटो काढला आणि बारीक करून यांना दिला. यांनी डब्याला माझ्या वडिलांचा तीळ लावला.”

“अविश्वासाची छाया पडली की विद्या—” नेत्रगुरू लॅपटॉप मिटू लागले. दारात औषधवाले आडवे उभे राहिले, पण त्यांची मान खाली होती.

“विद्या कसली?” फोटोताईचा आवाज चढला. “शार्पनिंग काय करते ते ऐका. जिथे उजेड आणि काळोख एकमेकांना भिडतात, तिथे उजेड थोडा वाढवते, काळोख थोडा गडद करते. संपलं. पद्धत कुठलीही निवडा, फोटोत जे आलंच नाही ते कुठलीच आणून देत नाही. यांचं सॉफ्टवेअर शार्पनिंग करतच नाही. तुम्ही दिलेला स्वच्छ चेहरा घेतं, डागाच्या मापाचा करतं, तसाच उजेड पाडतं आणि चिकटवतं. आज तुमच्यापैकी कुणाचाही फोटो दिला असता, तर तो माणूस गुन्हेगार ठरला असता. काकांचा चेहरा कॅमेऱ्यात नव्हता. तो तुमच्या मनात होता, तुम्ही तो यांच्या हातात दिलात आणि यांनी तो तुम्हालाच परत दाखवला.”

“आमची चूक झाली, ताई,” औषधवाले पुटपुटले.

“मला कशाला सांगता? ज्याची चाकं फाडलीत त्याला सांगा. आणि तो टपावर स्टँड असलेला माणूस इतक्या दिवसांत गाडी दुरुस्त करून मोकळा झाला असेल. त्याला एवढा वेळ तुम्ही मिळवून दिलात.”

“मग माझ्या पोरीला उडवलं कुणी?” शिवणवालीने विचारलं.

फोटोताईचा चढलेला आवाज खाली आला. खोटं सांगणं किती सोपं होतं.

“माहीत नाही गं. या फोटोतून ते कधीच कळणार नाही. पण गॅरेजं आहेत, रस्त्यावरची माणसं आहेत, पोलीस आहेत. विचारत फिरावं लागेल. मी येते तुझ्याबरोबर.” मग ती सगळ्यांकडे वळली. “यापुढे कुणीही धूसरातून स्वच्छ काढून दाखवलं, तर हात जोडण्याआधी एकच विचारा. हे आत होतं, की तुम्ही घातलंत?”

सभा संपताच दोघी निघाल्या. गॅरेजच्या वाटेवरच काकांचं घर होतं. फुटलेल्या खिडकीला पुठ्ठा लावलेला होता. शिवणवाली तिथे थांबली आणि तिने दार वाजवलं. बऱ्याच वेळाने साखळी न काढता दार बोटभर उघडलं. ती फटीजवळ सरकली.

ती बोलण्याआधीच आतून काकांनी विचारलं, “पोरीने डोळे उघडले का?”