काळ्या कढईत गेलेला हिरवा झगा

मित्रांनो, मी एक जुना रेशमी झगा आहे. आज मला हात लावायलाही कुणी धजत नाही; पण इंग्लंडमधल्या यार्मथ बंदरात पहिल्यांदा मिरवलो, तेव्हा वाटाण्याच्या कोवळ्या शेंगेसारखा हिरवागार होतो. कंबर छातीच्या लगेच खाली, तिथून घोट्यापर्यंत घोळ. तेव्हा तीच तऱ्हा होती. मला घालून टॅबिथा नवऱ्याबरोबर, सायलसबरोबर, चर्चला जाई.

पुढच्याच वर्षी सायलसचे जहाज बुडाल्याची खबर आली. प्रेत नाही, पत्र नाही, नुसती खबर. घरात दुखवटा आला की रंगीत रेशीम रंगाऱ्याकडून काळे करून आणायचे, ही आमच्याकडची रीत. टॅबिथा मात्र मला हिरवाच घालत राहिली.

"वसंतापर्यंत थांबते, आई," ती सासूला म्हणाली. "मी काळं घातलं, की ते गेलेच."

"अगं, लोक काय बोलतात ऐकतेस ना? नवरा समुद्राच्या तळाशी, अन् ही बाई वाटाण्याची शेंग होऊन चर्चला! मला का हौस आहे? माझ्या पोटचा होता तो."

त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी टॅबिथाने माझी घडी केली आणि मला रंगाऱ्याकडे नेले.

रंगाऱ्याच्या कढईत काळ्या रंगासाठी लोखंडाचे पाणी उकळत होते. हिरवेपण कधी गेले, कळलेच नाही. त्यानंतर मला काही वाटेनासे झाले, आणि तिलाही. चर्चमध्ये भजने अशी रंगत, की लाकडी बाकांनाही पाझर फुटावा. तिचे ओठ नुसते हलत.

मी काळा झाल्यावर चौथ्या महिन्यात, भर दुपारी, धक्क्यावर एक दाढीवाला समोर उभा राहिला. युद्धात डेन्मार्कच्या कैदेत पडून आता सुटलेला सायलस! मला पाहून त्याचा चेहरा उतरला.

"टॅबी, कोण गेलं गं? आई?"

"तुम्ही," ती म्हणाली.

तो हसू लागला आणि मध्येच थांबला. माझ्या बाहीतला तिचा हात हललाच नव्हता.

पुढे तिने रंगाऱ्याला विचारले. "काळं उतरवायला गेलो, तर कापडच हातात येईल, बाई," तो म्हणाला. सायलसने घाई केली नाही. रोज संध्याकाळी तो तिच्याजवळ नुसता बसे. तिला रडू यायला दोन हिवाळे लागले. रडली, ती मलाच तोंडाशी धरून. मी ओला झालो, एवढेच मला कळले.

मित्रांनो, आता त्या काळ्या रंगातल्या लोखंडाने माझे रेशीम घडीघडीवर फाटते आहे. मला आडवे ठेवा, जपून हाताळा. आणि कुणाची वाट पाहणारे माणूस दिसले, तर देवाशपथ, त्याला आणखी थोडी वाट पाहू द्या.