कानातले बोळे

“दोरी का ओढली नाहीस?” मुख्य पंच नील बॅशामनं तिसऱ्यांदा विचारलं.

भिंतीवरच्या पडद्यावर पाचवी शर्यत पुन्हा धावायला लागली. शेवटच्या वळणावरून दोनचाकी गाड्या सुटल्या, हाकणाऱ्यांनी दोऱ्या ओढल्या, घोड्यांच्या कानांतले बोळे निघाले आणि गर्दीचा गलका कानात शिरताच जनावरं पिसाळल्यासारखी पळाली. एकट्या ड्यूगल मॅकरॉस्टीचा उजवा हात दोरीपाशी घुटमळला आणि रिकामा परत आला. त्याची घोडी जेसी नाकभर मागे राहिली. दुसरी.

“वाटलं, नाही लागणार,” ड्यूगल म्हणाला. “घोडी जिंकतेय असं वाटलं. अंदाज चुकला.”

“एकेचाळीस वर्षं हाकताय,” ब्रायोनी म्हणाली. ती तरुण पंच, तक्रार तिचीच. “आणि पुढे आहोत की मागे, हे कळलं नाही तुम्हाला?”

“म्हातारा झालो, बाई.”

केलब्रेच्या मैदानावरची पंचांची खोली म्हणजे एक पत्र्याची शेड. दक्षिणेचा वारा पत्रा बडवत होता. टेबलावर चीज रोलची बशी तशीच पडून होती. नियमांचं जाडजूड पुस्तक मात्र उघडं होतं. त्यात चाबूक जास्त मारला तर शिक्षा आहे, दुसऱ्याच्या वाटेत शिरलं तर आहे, जिंकता येत असताना हात आखडता घेतला तरी आहे. हाताची बोटंच मिटत नसतील तर काय, याला कलम नाही. त्याला डॉक्टर आहे, आणि डॉक्टरकडे गेलं की परवाना गेला, कायमचा. ज्यांनी हे पुस्तक लिहिलं त्यांनी आयुष्यात लगामाला हात लावला नसणार. ड्यूगलला परवान्याखेरीज दुसरं काही नव्हतं. चुकार ठरलं तर काही आठवडे घरी बसायचं, लोकांनी चोर म्हणायचं. तेवढं तो गिळणार होता.

“चार आठवडे बंदी,” बॅशाम म्हणाला. “उद्यापासून. आजची आठवी शर्यत हाकू शकतोस. सही कर.”

ड्यूगलनं पेन सुरा धरावा तसं मुठीत दाबलं आणि नाव खरडलं. बॅशाम स्वतः वीस वर्षं याच मैदानावर त्याच्या चाकाला चाक लावून धावलेला. त्यानं सही पाहिली, ड्यूगलकडे पाहिलं आणि कागद बाजूला सारला.

बाहेर कठड्याला रेललेला एक जण ओरडला, “काय ड्यूगलकाका, डुलकी लागली की कुणी डोळा मारला?”

“तुझ्या बायकोनं मारला,” ड्यूगल म्हणाला आणि चालत राहिला.

तबेल्यात त्याची मुलगी कर्स्टी जेसीला धूत होती. घोडी तयार करायची ती, हाकायचा बाप.

“चार आठवडे,” तो म्हणाला.

“माणूस मारला असतास तर सहा दिले असते.” तिनं नळीचं पाणी घोडीच्या पाठीवर सोडलं. “बोळे अजून कानातच आहेत बिचारीच्या. काढ ना, बाबा.”

त्यानं उजवा हात पुढे केला. दोरी बोटांतून निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. नळीचं पाणी कर्स्टीच्या बुटांवर वाहत राहिलं.

“कधीपासून?”

“हिवाळ्यापासून.”

“आणि आता आठवी? बारा गाड्या आहेत. लगाम असा सुटला तर?”

“नाही सुटत. मनगटाला गुंडाळतो.”

कर्स्टीनं नळ बंद केला.

“मी सात वर्षांची होते,” ती म्हणाली. “लगाम मनगटाला गुंडाळला म्हणून तू माझ्या थोबाडीत दिली होतीस. गाडी उलटली तर घोडा माणसाला फरपटत नेतो, आणि मागच्यांनाही घेऊन मरतो, म्हणालास. आठवतं?”

ड्यूगल वळला आणि आला त्या वाटेनं पंचांच्या खोलीकडे परत गेला.

“तो आरोप खोड,” त्यानं बॅशामसमोर डाव्या हातानं परवाना ठेवला. “अंदाज चुकला नव्हता. बोटं मिटली नाहीत.”

“म्हणजे मघाशी पंचांसमोर खोटं बोललात,” ब्रायोनी म्हणाली. “त्याला वेगळं कलम आहे.”

“असेल,” बॅशाम म्हणाला. “परवाना नसलेल्या माणसाला कुठलं कलम लावतेस?” त्यानं कागदावर आडवी रेघ मारली. आरोप मागे. “सही पाहिली तेव्हाच कळलं होतं मला, ड्यूगल.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू बोलावंस म्हणून. आठवीची घंटा होईपर्यंत थांबणार होतो. मग मीच अडवलं असतं तुला.”

“उपकार झाले,” ड्यूगल म्हणाला. उपहासानं की मनापासून, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

तो परतला तेव्हा कर्स्टीनं घोडीच्या अंगावर घोंगडी टाकली होती. एका कानातला बोळा तिनं काढला होता. दुसरा तसाच ठेवला होता.

ड्यूगलनं डाव्या हातानं तो काढला. तेवढ्यात खांबावरचा भोंगा खरखरला. “आठवी शर्यत, एक बदल. क्रमांक चार, ड्यूगल मॅकरॉस्टीऐवजी...” पुढचं नाव वाऱ्यानं नेलं.

घोडीनं दोन्ही कान भोंग्याकडे वळवले.