कुठला कालोजेरो

आमच्याकडे थोरल्या मुलाला त्याच्या बापाच्या बापाचं नाव ठेवतात. न ठेवणं म्हणजे म्हाताऱ्याचा भर चौकात अपमान. माझ्या सासऱ्यांचं नाव कालोजेरो आणि त्यांना मुलगे तीन. म्हणून थोरल्या जाऊबाईंचा कालोजेरो, माझा कालोजेरो आणि धाकट्या आसुन्ताचाही कालोजेरो. माझ्या वेळी मी गास्पारेला, माझ्या नवऱ्याला, म्हटलं होतं, "अहो, घरात दोन आहेत की! आपण दुसरं काहीतरी ठेवू." त्यावर सासूबाईंनी कितीतरी दिवस माझ्या हातचा घास घेतला नाही.

पाद्रीबाबा सांगायचे की हे नाव ग्रीक साधूंकडून आलं, अर्थ 'चांगला म्हातारा'. डोंगरातल्या गुहेत राहून म्हातारा झालेल्या आमच्या काळ्या संताचं नाव. त्याच्या मिरवणुकीत आम्ही खिडक्यांतून पाव उधळतो. सिसिलीच्या या कोपऱ्यात दगड भिरकावला तर कुठल्या तरी कालोजेरोलाच लागेल. आम्ही घरात लिल्लो, जेरो, कालुत्सो अशा हाका मारायचो. जेवायला हाक मारली की तिघे धावत यायचे, कामाला हाक मारली की एकही नाही.

गावची गंधकाची खाण बंद पडली तेव्हा तिघे बेल्जियमला कोळशाच्या खाणीत गेले. एकमेकांना सोबत होईल म्हणून आम्ही आयांनीच एकत्र धाडले.

त्या सकाळी आम्ही तिघी जावा अंगणात फळ्यांवर टोमॅटोचा रस वाळत घालत होतो. पुरुष कापणीला लांब गेले होते. गावातला एकुलता एक टेलिफोन मिकेले तंबाखूवाल्याच्या दुकानात. तो टोपी हातात धरून दारात आला.

"कालोजेरो गेला," तो म्हणाला. "खाणीत छत कोसळलं. तिथल्या कचेरीतून फोन होता."

"कुठला?" थोरल्या जाऊबाईंनी विचारलं.

मिकेलेने ते विचारलंच नव्हतं. मरणाची बातमी आली की आमच्यात टोपी काढतात, क्रुसाची खूण करतात, 'देव त्याला शांती देवो' म्हणतात आणि गप्प होतात. प्रश्न विचारत नाहीत. त्याने तेच केलं होतं आणि रिसीव्हर खाली ठेवला होता.

"शोर्तिनोंचा कालोजेरो, असं म्हणाले ते..."

"अरे मुडद्या, आम्हा शोर्तिनोंचे तीन आहेत!" आसुन्ता किंचाळली. "तुझ्याच दारात तिघे सिगारेटी ओढत उभे असायचे ना? डोळे फुटले होते तुझे?"

"चुकलंच माझं, वहिनी. चला, परत लावतो फोन."

त्याने लावला. पालेर्मोच्या टेलिफोन एक्सचेंजमधल्या बाईने सांगितलं, लाइन मोकळी नाही, थांबा. आम्ही दुकानात थांबलो. हाताला टोमॅटो तसाच, माश्या बसत होत्या. काउंटरवर संताची तसबीर होती आणि आम्ही तिघी तिच्याकडे बघत ओठ हलवत होतो. जावा काय मागताहेत ते मला ठाऊक होतं, कारण मीही तेच मागत होते. माझा नको. माझा नको म्हणजे यांच्यापैकी कुणाचा तरी असू दे. आसुन्ता तापाने फणफणली होती तेव्हा तिच्या कालुत्सोला मी माझं दूध पाजलं होतं. तरी मी मागत होते. काय करणार? दुसरं काहीच करता येत नव्हतं.

"तुला अजून दोन मुलगे तरी आहेत गं," थोरल्या जाऊबाई एकदम मला म्हणाल्या. म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

त्यांचा एकुलता एक. त्यांच्या जागी मीही तेच बोलले असते.

दुपार उलटल्यावर फोन वाजला. मिकेले ओरडत होता, "त्याच्या वडलांचं नाव सांगा! वडलांचं!" मग तो ऐकत राहिला. आमच्यापैकी कुणाकडेही त्याने पाहिलं नाही.

"गास्पारे," तो म्हणाला.

माझ्या पाठीमागे दोन श्वास सुटले. मी ते स्पष्ट ऐकले. मग दोघी हंबरडा फोडून माझ्या गळ्यात पडल्या. त्यांचं रडणं खरं होतं. श्वासही खरेच होते. मी कुणावर रागवायचं?

त्यांनीच मला धरून घरी आणलं. सासरे दारात खुर्चीवर बसले होते. अलीकडे त्यांना ऐकू येईनासं झालं होतं, पण तिघींना तशा येताना बघून ते काठीवर उठले.

"कोण गेलं?"

"कालोजेरो, मामंजी," आसुन्ता त्यांच्या कानाशी ओरडली.

"कुठला?"

दोन्ही जावांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी सांगायचं ते नव्हतंच. मी पुढे झाले, सासऱ्यांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "माझा."

"आं?" म्हातारा म्हणाला.

गल्लीत सगळ्यांनी ऐकलं होतं, फक्त त्यांनीच नव्हतं. मला पुन्हा सांगावं लागलं, ओरडून.