आमच्या अंगणातल्या आठ भट्ट्या

तुम्ही मला रिकामटेकडी ठरवलंत. तुमच्या त्या काचेच्या पाटीत माझ्या नावापुढे लिहिलंय, कामधंदा नाही. सत्तावीस वर्षं तारली मासळीला धूर देऊन माझे डोळे कायमचे लाल झालेत, बोटांची कातडी किती वेळा सोलली त्याची गणती नाही, आणि तुम्ही गारव्यात बसून म्हणता ही बाई काही करत नाही. तुम्ही साहेब आहात की बाईसाहेब, मला माहीत नाही. तुमच्याकडून आलेल्या कागदावर सहीच्या जागी नुसता शिक्का आहे. ज्याने तो मारला त्याला मी जाब विचारायला बसले आहे, आणि विचारण्याआधी सगळं सांगणार आहे, माझा स्वतःचा खोटेपणा धरून.

समुद्रकिनाऱ्यावरच्या चोरकोर वस्तीतलं आमचं घर बायकांचं. मावशी, मी, मावशीची लेक ओकाइली आणि आमच्या पोरी. नवरे, इथे असतील ते, पलीकडच्या गल्लीत त्यांच्या भाऊबंदांत राहतात, जेवण इथून जातं. अंगणात भिंतीला लागून मातीच्या आठ भट्ट्या आहेत, एका ओळीत. फाटकाकडच्या दोन माझ्या, पुढच्या सहा ओकाइलीच्या. हे आमच्या घरातल्या मांजरालाही ठाऊक आहे.

ओकाइली माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी मोठी. आम्ही एकाच ताटात मक्याचं केंके खाऊन वाढलो, आणि तेव्हापासून मी तिच्या बाजूचा घास मोजते. तिचा आवाज मोठा, हात मोठा, तिच्या हाताखाली दोन बायका. कुमासीच्या बाजाराचा ट्रक आला की व्यापारी आधी तिच्या टोपल्यांकडे जातात, मग नजर उरली तर माझ्याकडे. ती नवं कापड शिवते त्या दिवशी मला जेवण जात नाही. लोक म्हणतात, बहिणी आहात तुम्ही. बहीण आहे म्हणूनच जळते. परकी असती तर दुसऱ्या गल्लीत राहिली असती.

तर मोजणीला तुमचा माणूस आला मंगळवारी. मंगळवारी आमच्याकडे होडी समुद्रात जात नाही, कोणी नेत नाही. त्यामुळे किनारा रिकामा आणि अंगण भरलेलं. कोणी वेणी घालतंय, कोणी भट्टीवरच्या तारेच्या जाळ्या घासतंय, शेजारच्या चार बायका उगाच येऊन बसलेल्या. येबोआ नाव सांगितलं त्याने. डोंगराकडच्या गावचा, सभ्य पोरगा, कॉलर घामाने भिजलेली. त्याने स्टूल मागितलं आणि बरोब्बर अंगणाच्या मधोमध मांडलं. तिथून बोललेलं फाटकाबाहेर ऐकू जातं.

त्याने ओकाइलीपासून सुरुवात केली.

"ताई, तुमचा स्वतःचा व्यवसाय आहे?"

"स्वतःचा म्हणजे? तुला काय वाटलं, शेजारणीचा करते?"

बायका हसल्या. तो बिचारा पाटीवर बोट फिरवत राहिला. माल कुठे जातो? कुमासीला, आणि तिथून पुढे उत्तरेला. हाताखाली किती? दोन. ओकाइली जरा थांबली, मग म्हणाली, हंगामात चार. हंगामात चार कधीच नव्हत्या.

"भट्ट्या किती?"

ओकाइलीने हनुवटी उचलून भिंतीकडे केली. "ही ओळ दिसते ना? आठ."

मावशी खोकली. तो खोकला मला ओळखता येतो. माझ्यासाठी होता. मी तोंड उघडायला हवं होतं.

उघडलं नाही. का, तेही ऐका. मला वाटलं, हे कर बसवणारे. पाटी घेऊन येतात, गोड बोलतात, दोन महिन्यांनी दुसरा येतो, तो गोड बोलत नाही. आमच्यात शहाणी बाई कधी आपला माल मोजून सांगत नाही. धंदा कसा चाललाय विचारलं की म्हणायचं, चाललंय देवाच्या दयेने, थोडंथोडं. मोठ्याने सांगितलं की नजर लागते, नाहीतर कर लागतो. आणि ही माझी बहीण स्वतःच्या तोंडाने आठ भट्ट्यांचा कर ओढवून घेत होती. त्यात माझ्याही दोन. मी मनात म्हटलं, बोल, अजून बोल. मी पदरात तोंड घालून हसले. इतकी मजा मला त्या वर्षात दुसरी आली नव्हती.

मग माझी पाळी.

"ताई, तुमचा व्यवसाय?"

"कसला व्यवसाय, बाळा. बसलेली असते."

"खरंय ते," ओकाइली जाळी घासता घासता म्हणाली. "बसायचं काम ती फार मन लावून करते."

"गेल्या सात दिवसांत काही काम केलंत? एक तासभर तरी?"

आता दहा बायकांचे वीस कान माझ्याकडे. मी म्हटलं, "नवऱ्याच्या होडीची मासळी येते, ती बघते जरा."

"म्हणजे नवऱ्याला मदत करता."

"हो, तसंच काहीतरी."

"त्याबद्दल पगार मिळतो?"

यावर मावशीसुद्धा हसली. "अरे, नवरा पगार द्यायला लागला तर आम्ही सगळ्या अजून दोन-दोन करू."

डोंगराकडच्या पोराला काय कळणार, आणि त्याला समजावायचं मी टाळलं. म्हणून आता तुम्हाला सांगते. आमच्यात नवरा बायकोला मासळी देत नाही, विकतो. माझ्या नवऱ्याची, लाम्प्टेची होडी वाळूला लागली की मी पाण्यात उतरते आणि त्याच्याशी भाव करते, भांडून. पहिला भाव करायचा हक्क बायकोचा, एवढीच सवलत. विकून आले की त्याचं त्याला, उरेल ते माझं. त्या उरलेल्यावर तीन मुलांच्या शाळा झाल्या. याला तुम्ही मदत म्हणता. आणि पुढे कुठेतरी तुमच्याच कचेरीत कोणीतरी ती मदतही पुसली आणि लिहिलं, कामधंदा नाही.

सात महिने गेले. कर घ्यायला कोणी आलं नाही. आली ती नोटीस. नाला रुंद करायचा, आमची भिंत मागे सरकणार, भट्ट्या पाडणार. त्याबदल्यात किनाऱ्यावर नवी शेड, वर पत्रा, धूर जायला धुराडी, नळाचं पाणी. मोजणीत ज्याच्या नावावर जितक्या भट्ट्या, त्याला तितक्या जागा. यादी मासळीबाजाराच्या भिंतीवर लावली. ओकाइलीच्या नावापुढे आठ. माझं नाव मी तीनदा शोधलं. चौथ्यांदा शेजारच्या पोरीकडून वाचून घेतलं, मला वाटलं डोळ्यांतल्या धुरामुळे दिसत नसेल. नव्हतंच.

शेडमध्ये जागा नाही आणि अंगणातली भट्टी पाडली, म्हणजे मी संपले. ओली तारली दुपारपर्यंत टिकत नाही. धूर द्यायला जागा नसेल तर भाव करून काय करू? लाम्प्टेची मासळी दुसरी बाई घेईल, आणि वर्षभरात ती बाई नुसती मासळी घेऊन थांबणार नाही, हेही मला कळतं.

मी तुमच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईने पाटीवर माझं नाव दाबलं, वाचलं.

"तुम्ही स्वतःच सांगितलंय, काही करत नाही म्हणून."

"मी खोटं सांगितलं."

"मग आता खरं सांगताय कशावरून?"

"माझे हात बघा."

तिने बघितले, खरंच बघितले. वाईट नव्हती ती. "अहो, हातांसाठी इथे रकाना नाही."

"मग पुन्हा मोजा."

"पुढची मोजणी पाच वर्षांनी."

मी तिथून हलेना. मागे रांग वाढली. तेव्हा तिने आवाज खाली आणला आणि एक फॉर्म पुढे सरकवला. म्हणाली, यादीतल्या कोणी खोटी माहिती दिली असेल तर हा भरून द्या. चौकशी होते. खोटं निघालं की त्या माणसाचं नाव पूर्ण निघतं आणि त्या जागा पुन्हा वाटायला येतात.

"पूर्ण म्हणजे?"

"पूर्ण म्हणजे आठच्या आठ."

तो फॉर्म मी कमरेला खोचला आणि दोन दिवस तसाच वागवला. खोटं कशाला बोलू, ते दोन दिवस माझे फार चांगले गेले. ओकाइली ट्रकवाल्याशी हसत असली की मी कमरेवर हात ठेवायचे. कागद कुरकुरायचा. ती भट्टीवर जाळ्या चढवायची आणि मी तिच्या मागच्या रिकाम्या भिंतीची कल्पना करायचे, तिच्या दोन बायका दुसरीकडे काम शोधतायत, ती स्वतः टोपली घेऊन दारोदार फिरतेय, आणि माझ्या दारात येऊन थांबलीय. मी तिला काय म्हणणार, तेही ठरवलं होतं. शब्दन् शब्द.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या भट्टीशी आली. मी थर उलटत होते, खालची जाळी वर, वरची खाली. न विचारता तिने जाळीचं दुसरं टोक धरलं.

"कमरेला कागद घेऊन किती दिवस फिरणार आहेस? घामाने शाई जाईल."

मी जाळी माझ्याकडे ओढली.

"खिडकीतली ती बाई माझ्या गिऱ्हाइकाची सून आहे," ती म्हणाली. "भर की. मी अडवलंय का?"

"आठ का सांगितल्यास?"

"तू का गप्प बसलीस?"

आम्ही जाळी खाली ठेवली. मग ती म्हणाली, "हे बघ, अमर्ली. शेडमध्ये दोन भट्ट्या तुझ्याच. नाव माझं असेल, इतकंच."

"आणि भाडं?"

"बहिणीकडून भाडं घेईन मी?" तिने हात पुसले. "फक्त कुमासीची गाडी आली की आधी माझा माल चढेल. तो आताही आधीच चढतो म्हणा."

माझ्या हातात चिमटा होता. तो मी तिच्या अंगावर फेकला नाही, याची नोंद तुमच्या पाटीत करा.

"तुझ्या नावाखाली मी धूर देणार? तू म्हणणार, ही बघा, हिला मी जागा दिली."

"म्हणेन तर. म्हणणारच."

"आठ का सांगितल्यास ते आधी सांग."

ती भट्टीच्या काठावर बसली. गरम होती, तरी बसली. "तू पदरात हसत होतीस. मला वाटलं, हसतेय माझ्यावर. हिला काय कमी? हिच्या नवऱ्याची होडी. ही सावकाश चालत पाण्यात जाते, पहिला भाव हिचा. माझा नवरा परदेशी आबिजानला गेला तो गेला. मी रोज पहाटे तीन होड्यांच्या मागे छातीभर पाण्यात घसा फोडते, सहा भट्ट्या भराव्यात म्हणून. चार भरल्या तर नशीब. तुझ्या दोन कधी रिकाम्या राहिल्या? सांग. एक दिवस तरी?"

मला आठवेना.

"तुझ्या त्या दोन भट्ट्या पेटलेल्या बघितल्या की माझ्या पोटात आग पडते," ओकाइली म्हणाली. "वीस वर्षं. म्हणून म्हटलं, एकदा तरी माझ्या म्हणून मोजू दे."

माझ्यावर कोणी जळत असेल, असं मला आयुष्यात सुचलं नव्हतं. आणि तीही ओकाइली. मला बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की तिच्याकडे बघवेना. मी धुराचं निमित्त करून डोळे पुसले. ती उठली, तिने पाठीमागून कापड झाडलं, भाजली होती बहुतेक, आणि तिच्या ओळीकडे निघून गेली. माफी तिने मागितली नाही. मीही नाही.

फॉर्म मी भरलेला नाही. मी मोठ्या मनाची म्हणून नव्हे. आठच्या आठ गेल्या तर त्यात माझ्याही दोन जातात, आणि पुन्हा वाटताना तुम्ही "कामधंदा नाही" वालीला काय देणार आहात, हे मला दिसतंय. दुसरं असं की ओकाइलीला हरवायचंय मला, अजूनही, रोज. पण ते मासळीने हरवायचंय. किनाऱ्यावर, गिऱ्हाइकांसमोर, माझी तारली तिच्यापेक्षा सोनेरी निघते म्हणून. तुमच्या शिक्क्याने ती पडली तर तिला पाडलं तुम्ही, त्यात माझं काय?

म्हणून हे लिहून देते. ओकाइलीच्या भट्ट्या सहा. तिने दोन जास्त सांगितल्या, कारण मी ऐकत होते. माझ्या भट्ट्या दोन. मी एकही सांगितली नाही, कारण ती ऐकत होती. तिने हे वाचून घेतलंय आणि ती कबूल करते आहे, खाली तिचा अंगठा आहे, माझ्या सहीच्या वर, कारण वर तीच असणार असा हट्ट तिने धरला आणि मी या एका वेळेला सोडून दिलं. आमची बेरीज आठच होते. तुमचा अहवाल एका भट्टीनेही चुकत नाही. त्यातून गळते ती फक्त मी.

पण मला हेही विचारायचंय. येबोआने त्या आठवड्यात आमच्या वस्तीत शंभर अंगणं केली म्हणे. प्रत्येक अंगणात मधोमध स्टूल मांडलं. सासूसमोर सुनेला विचारलं, सवतीसमोर सवतीला, भाडेकऱ्यासमोर मालकिणीला. एका बाजूला माझ्यासारख्या घाबरून बसल्या, दुसऱ्या बाजूला फुगून उभ्या राहिल्या. त्यांच्या बेरजेवर तुम्ही सांगता की या देशात इतक्या बायका काम करतात आणि इतक्या करत नाहीत, आणि त्यावर शेड बांधता, नाले खणता, भिंती पाडता. त्या पोराला दोष देऊ नका. घरात आत या, दार लोटा, एकटीला विचारा, हे त्याला कोणी सांगायचं होतं?

शेडचं कुलूप पुढच्या महिन्यात उघडणार आहे, आणि माझ्या दोन भट्ट्या अजून उभ्या आहेत, आजही पेटलेल्या आहेत. पाच वर्षांनी या असं मला सांगू नका, आणि खिडकीवर पाठवू नका. शिक्का नको, माणसाच्या नावाची सही हवी. त्या आठ जागांपैकी दोन जागांवर माझं नाव लिहिणार आहात की नाही?