सोळा पायांच्या कनेक्टरची हिरवी टिक

मी एक लायब्ररी बोलतेय. लगेच पुस्तकांचं कपाट डोळ्यासमोर आणू नका. सर्किट बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर असतं ना, त्यात माझा मुक्काम. बोर्डावर जो जो भाग बसतो, त्याची दोन चित्रं माझ्याकडे असतात. एक नकाशात दाखवायचं चिन्ह, दुसरं त्याचे पाय तांब्यावर नेमके कुठे टेकणार त्याचं माप. ही दोन जुळली नाहीत की बोर्डातून धूर निघतो. म्हणून माझा स्वभाव संशयी आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

मला जन्म दिला अण्णांनी, म्हणजे या छोट्या कंपनीतल्या सर्वांत जुन्या डिझायनरने. चौदा वर्षांपूर्वी बारीक मापाची व्हर्नियर पट्टी हातात धरून त्यांनी पहिला रेझिस्टर मोजला आणि माझ्यात ठेवला. चित्र खऱ्या मापात कागदावर छापायचं, त्यावर खरा भाग ठेवायचा आणि भिंग लावून बघायचं, ही त्यांची पद्धत. नियमही त्यांनीच घातला: चित्र काढणारा एक, तपासणारा दुसरा. दुसऱ्याने स्वतःच्या लॉगिनमधून पाहिलं, तरच भागाला हिरवी टिक.

बाकीच्यांबद्दल न बोललेलं बरं, पण बोलतेच. नेटवरून कुठले कुठले भाग उतरवतात आणि माझ्या गळ्यात मारतात. कोणाचं पोर, कोणत्या घरचं, काही विचारायची सोय नाही. एकाच कपॅसिटरची चार नावं: 'नवीन', 'नवीन दोन', 'हाच वापरा', 'खरंच हाच वापरा'. नोकरी सोडून गेले तरी पासवर्डची चिठ्ठी स्क्रीनलाच चिकटलेली. मी अण्णा सोडून कोणावरही विश्वास ठेवला नाही.

गेल्या वर्षी एक मुलगी कामाला लागली. सगळे तिला 'नवी' म्हणतात. आल्या आल्या तिने मला उघडलं आणि एकेका भागाची डेटाशीट, म्हणजे बनवणाऱ्याने दिलेला मापांचा कागद, मागायला लागली. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हिला काय करायचंय? पुढच्या महिन्यात तिने माझ्यातले तीनशे दुबार भाग काढून टाकले. साहेबांना विचारून काढले, पण मला कोण विचारतो! तेव्हापासून मी तिच्यावर डूख धरला.

मग घंटेचं काम आलं. हॉस्पिटलात पेशंटने उशाजवळचं बटण दाबलं की नर्सच्या टेबलावर दिवा लागायचा, त्याचा बोर्ड. नवीचा हा पहिला स्वतंत्र बोर्ड. तिने माझ्याकडून सोळा पायांचा एक कनेक्टर घेतला, डेटाशीट उघडली आणि थबकली.

"अण्णा, हे चित्र खालून पाहिलेलं आहे. आपण ते वरून पाहिलेलं समजून तर काढलं नाही ना?"

"टिक हिरवी आहे ना?" अण्णांनी मान वर केली नाही. "मग? सगळ्यात खोट काढत बसलीस तर बोर्ड कधी पाठवणार?"

तिने कनेक्टर तसाच बोर्डावर बसवला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

दहा बोर्ड छापून आले. सोल्डरिंगच्या मावशींनी पहिल्यावर भाग बसवले, वीज दिली आणि फट्ट! जळका वास खोलीभर पसरला. मावशींनी बोर्ड भिंगाखाली धरला. "अगं बाई, पायांचे नंबर आरशात पाहिल्यासारखे पडलेत की!" दोन्ही रांगा सारख्या, त्यामुळे कागदावर कनेक्टर चपखल बसला होता. फक्त एकच्या जागी दोन होता आणि दोनच्या जागी एक, असं थेट सोळापर्यंत.

साहेब आले. "लायब्ररीत साफसफाई कोणी केली होती?"

सगळ्यांनी नवीकडे पाहिलं.

"माझ्या हातचा भाग असा नव्हता, साहेब," अण्णा म्हणाले. "साफसफाईत काहीतरी हललं असणार." त्यांना खरंच तसं वाटत होतं.

"सोमवारपर्यंत कारण द्या," साहेब नवीला म्हणाले, "नाहीतर दुसरीकडे काम बघा."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि मीही मनातून म्हटलं, बरं झालं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

नवी रडली नाही. तिने माझा इतिहास उघडला. कोणत्या भागाला कोणी, कधी हात लावला, ते सगळं माझ्याकडे नोंदलेलं असतं. त्या कनेक्टरपुढे दोनच ओळी होत्या. दोन वर्षांपूर्वी, पुढे बंद पडलेल्या एका कामासाठी, अण्णांनी त्याचं चित्र काढलं. अकरा मिनिटांनी एका सहकाऱ्याने ते तपासलं. तो सहकारी तर त्याच्या तीन महिने आधीच नोकरी सोडून गेला होता.

ती साहेबांकडे गेली नाही. जेवणाच्या सुट्टीत तिने अण्णांना बोलावलं. अण्णांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"त्याच्या नावाने मीच लॉगिन केलं होतं," ते हळूच म्हणाले. "चिठ्ठी समोरच होती. तपासायला कोणी नव्हतं, आणि साहेब दारात उभे होते."

"असे किती भाग आहेत, अण्णा?"

"आठवत नाही गं."

ती डबा धुवायला गेली. आता खोलीत अण्णा आणि मी. माझा इतिहास पुसायची परवानगी फक्त अण्णांना आहे. त्यांनी माउसचा बाण बरोबर पुसायच्या बटणावर नेला आणि थांबवला. पुसणार, मी म्हटलं. आज हे पुसणार. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्यावर संशय घेतला, आणि मला फार वाईट वाटलं.

अण्णांनी माउसवरचा हात काढला. "साहेब, इकडे या जरा! सगळेच या!"

उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं. साहेब खाकरले. "ठीक आहे. सोमवारचं विसरा."

"तेवढ्याने भागत नाही, साहेब," अण्णा म्हणाले. "माफी मागायला हवी तिची. मी मागतोच आहे."

साहेबांनीही मागितली, पुटपुटत का होईना.

अशा खोट्या टिका एकसष्ट निघाल्या. सगळ्या अण्णांनी आपल्या हाताने काढल्या. आता रोज दुपारी दोघं बसतात. अण्णा भाग नव्याने काढतात, नवी तिच्या लॉगिनमधून तपासते. बाकीचे भाग मात्र कोणी, कसे तपासलेत, देव जाणे. मी आता स्वतःवरही विश्वास ठेवत नाही. तुम्हीही ठेवू नका. माझ्याकडून काही घ्याल तेव्हा खरा भाग हातात धरा, उलटा करून बघा, आणि मला खुशाल खोटी ठरवा.

आत्ता त्यांच्यासमोर एक ट्रान्झिस्टर आहे.

"बसतोय बघ छान," अण्णा म्हणाले. "लाव टिक."

"आधी पाय मोजते."

"अगं, मी मोजलेत!"

"म्हणूनच, अण्णा."

अण्णांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग चिमट्यातला ट्रान्झिस्टर तिच्या तळहातावर ठेवला. "हं. मोज."

ती मोजतेय. तिचं होईपर्यंत हा भाग कोणी उचलू नका.